'हॅलेलुया' नीट ऐकलंय का?

नमस्कार मंडळी, आज एकाच गाण्यावर बोलायचंय. कॅनडाचा कवी-गायक लेनर्ड कोहेन याचं 'हॅलेलुया', म्हणजे 'देवाची स्तुती करा'. लग्नात गातात, अंत्यविधीला गातात, टॅलेंट शोमध्ये तर कुणी ना कुणी हमखास गातंच, त्यामुळे बऱ्याच जणांना ते भजनच वाटतं. माझ्या मते ते पक्कं प्रेमाचं गाणं आहे, पण हरलेल्या प्रेमाचं, आणि हरूनही ज्याच्या तोंडून स्तुतीच निघते अशा माणसाचं.

कोहेन मॉन्ट्रियलच्या ज्यू कुटुंबातला, जन्म १९३४ चा, बायबलमधल्या गोष्टी लहानपणापासून ऐकलेला. गाण्याची सुरुवात दावीद राजापासून होते, हा वाद्य वाजवून देवाला खूश करणारा राजा. तिथे एक गंमत केलीय बघा. कुठली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गुच्छ, कधी येते ते शब्दच सांगत जातात, म्हणजे चौथी म्हटलं की चौथी वाजते, पाचवी म्हटलं की पाचवी, मग उदास वाटणाऱ्या मायनर कॉर्डला खाली उतरायचं आणि उजळ मेजरला परत वर. पाटी-पेन्सिल घेऊन शिकवल्यासारखं, तरी ऐकताना अंगावर काटा येतो.

दुसऱ्या कडव्यात मात्र खरी कमाल आहे. दावीद गच्चीवरून बथशेबाला अंघोळ करताना बघतो, ती दुसऱ्याची बायको, आणि तिथून त्याची घसरण सुरू होते. ही बायबलमधली एक गोष्ट. पण पुढच्याच ओळीत ती बाई त्याला स्वयंपाकघरातल्या खुर्चीला बांधते आणि त्याचे केस कापते, आता हे केस दावीदचे नाहीतच, ते बायबलमधल्याच दुसऱ्या गोष्टीतल्या शमशोन या वीराचे, त्याच्या प्रेयसीने, दलीलाने कापवलेले, ज्यांच्यात त्याची सगळी ताकद होती! दोन वेगळ्या गोष्टी एकाच बाईत आणि एकाच पुरुषात मिसळून टाकल्या, आणि मधे ती साधी किचनमधली खुर्ची ठेवली, की झालं, राजा आणि वीर दोघंही एकदम घरगुती भांडणात हरलेला कुठलाही माणूस होऊन जातात. मला अख्ख्या गाण्यात ही खुर्चीच सगळ्यात जास्त आवडते.

आपल्याकडे ज्ञानेश्वरांच्या विराण्यांमध्ये देवासाठी विरहिणीची भाषा वापरलीय, कोहेनने नेमकं उलटं केलं, देवाची भाषा बाईवरच्या प्रेमासाठी आणली. आणि ती आणताना देवाचा मान कुठे कमी केला नाही, हे मला फार मोठं वाटतं.

हे सगळं झटपट सुचलेलं नाही हं. लिहायला वर्षं लागली, कडव्यांवर कडवी लिहून वह्या भरल्या, न्यूयॉर्कच्या हॉटेलात नुसत्या अंडरवेअरवर जमिनीवर बसून डोकं आपटत होतो असं त्यानेच सांगितलंय. अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनने विचारलं किती वेळ लागला तर म्हणाला दोन वर्षं, तेही कमी करून सांगितलेलं. एवढं करून १९८४ मध्ये हे गाणं असलेला 'व्हेरिअस पोझिशन्स' अल्बम तयार झाला तर कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने अमेरिकेत तो काढायलाच नकार दिला.

गाणं टिकलं ते दुसऱ्यांच्या गळ्यातून. १९९१ मध्ये जॉन केल या वेल्श गायकाने कोहेनकडे शब्द मागितले, फॅक्सने पानंच्या पानं आली, त्याने त्यातली शरीराच्या ओढीची कडवी जास्त उचलली आणि नुसत्या पियानोवर गायलं. अमेरिकन गायक जेफ बकलीने १९९४ मध्ये जे गायलं ते केलचं व्हर्जन ऐकून, त्यामुळे आज बहुतेकांच्या कानात आहे ते केलने निवडलेलं गाणं, आणि कोहेनच्या मूळ रेकॉर्डिंगचं शेवटचं कडवं त्यांनी ऐकलेलंच नसतं. त्यात तो म्हणतो की मी जमेल तेवढं केलं, ते फार नव्हतं, सगळं चुकलं तरी संगीताच्या देवासमोर उभा राहीन आणि जिभेवर स्तुतीशिवाय काही नसेल. हे कडवं गाळलं की उरतो तो फक्त विरह, ते ठेवलं की हरलेला माणूस ताठ उभा राहतो.

म्हणून आता कोहेनचंच मूळ रेकॉर्डिंग लावतोय. आवाज जाडाभरडा आहे, मागे कोरस आहे, पहिल्यांदा कदाचित आवडणार नाही, पण मधे बंद करू नका, शेवटच्या कडव्यापर्यंत ऐका.