सोयाबीन निघाल्यावरची तूर

श्रोतेहो, जय ख्रिस्त.

आमच्या यवतमाळकडच्या रानात जूनमध्ये सोयाबीन आणि तूर सोबतच पेरतात. सोयाबीन भरभर वाढतं, रान झाकून टाकतं आणि 100-110 दिवसांत घरी येतं. तूर सुरुवातीला हळू वाढते. सोयाबीनच्या गर्दीत ती नजरेतही भरत नाही. पण तिचं सोटमूळ खाली खाली जात असतं. सोयाबीन निघतं, पाऊस परततो, आणि मग तूर मोकळी होऊन फांद्या फोडते, फुलावर येते. पावसाचा थेंब नसतानाही मुळाशी असलेल्या ओलीवर तिच्या शेंगा भरतात.

विश्वासात प्रौढ होणं म्हटलं की मला ही तूर आठवते. आपली नजर मात्र सोयाबीनवर. उज्जीवन सभेत, म्हणजे विश्वास जागवायच्या सभेत, कोण किती रडलं, कोणाची प्रार्थना किती लांब, कोणाला किती वचनं पाठ. तो उत्साह खोटा नसतो, कोंब खराच असतो. पण प्रभू येशूनं मार्कच्या शुभवर्तमानाच्या 4थ्या अध्यायात क्रम सांगितला आहे : आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. पेरणारा रात्री झोपतो, सकाळी उठतो, बी वाढत असतं, आणि ते कसं वाढतं हे त्याला कळत नाही. मला या शब्दांनी फार धीर दिला आहे. वाढवणारा देव आहे. रोज उठून रोप उपटून मूळ किती गेलं ते पाहायचं नसतं.

एकाच घरातही दोघांचा हंगाम वेगळा असू शकतो. मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. भंडारा-गोंदियाच्या वाटेवर, रेल्वेच्या डब्यात, एका सहप्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला. 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा झाला 1900 मध्ये. मधली पाच वर्षं त्या माउलीनं ताटातूट सोसली, सोवळंओवळं आणि जातपात आपल्या मनाशी तपासली आणि स्वतःच्या पावलांनी आल्या. त्या पाच वर्षांना उशीर म्हणायला माझी जीभ वळत नाही. घरातली बाई किंवा तरुण पोरगा प्रार्थनेला बसत नाही म्हणून चिडणाऱ्या भावांनी हे जरूर आठवावं.

आता जरा अवघड भागाकडे येतो. लूकच्या 8व्या अध्यायात काट्यांत पडलेलं बी आहे. ते उगवतं, पण त्याचं फळ पक्व होत नाही. ते काटे कोणते, तर चिंता, धन आणि संसारातलं सुख. पहिलं नाव चिंतेचं आहे. धनाविषयी आपण पुष्कळ उपदेश ऐकतो, पण आपल्या गावांत काटा रुतलाय तो चिंतेचा. बँकेचं कर्ज, कापसाचा भाव, पोरीचं लग्न. अशा माणसाला 'तुझा विश्वास कमी पडतो' असं म्हणणं क्रूर आहे. दुसऱ्याच्या शेतात निंदायला बाया जशा मिळून जातात, तसं त्याच्या घरी जाऊन बसावं. चिंता एकट्यानं निंदून होत नाही.

इब्री लोकांच्या पत्राच्या 5व्या अध्यायात दूध पिणारी लेकरं आणि जड अन्न खाणारे प्रौढ असा भेद केला आहे. प्रौढ कोण? ज्यांना बरंवाईट ओळखायचा वापरानं सराव झालाय ते. नुसतं ऐकून हा सराव होत नाही. वहिवाट नसेल तर शेताकडे जाणारी पांदणसुद्धा बुजते.

हे मी अनुभवानं बोलतो. माझा आणि माझ्या चुलतभावाचा धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, वाद होता. दोन तासांचा, म्हणजे पिकाच्या दोन ओळींचा प्रश्न, पण नऊ वर्षं बोलणं बंद. त्या नऊ वर्षांत मी चर्चमध्ये दर रविवारी शास्त्रपाठ वाचत होतो. एका जानेवारीत नव्या तुरीची पायली अर्पणाला बांधून ठेवली, आणि त्या रविवारचा पाठ निघाला मत्तय 5 : भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपुढेच ठेव, आधी जाऊन समेट कर. माझ्याच तोंडून ते वाचलं गेलं. पुढची ओळ मला दिसेना.

उपासना संपल्यावर पायली तिथेच ठेवून मी त्याच्या घरी गेलो. तो ओसरीत बसला होता.

"कायले आला?" म्हणाला.

"दादा, ते दोन तास तुम्हीच वाहा. माझं चुकलं."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग आत पाहून म्हणाला, "चहा ठेव वो, लहान्या आला हाय."

मी परतलो तेव्हा चर्च बंद झालं होतं. पायली दुसऱ्या रविवारी पाळकांच्या हाती दिली. रागाचं मूळही खोल जातं. त्यानंतरही दोनदा मला दादाचा राग आला आणि दोनदा गुडघे टेकावे लागले. धुऱ्याची मोजणी आम्ही अजून केलेली नाही. त्यावर कुंद्याचं तण फार माजतं, त्याचे गड्डे खणूनच काढावे लागतात. यंदा उन्हाळ्यात एका टोकानं दादा खणत होते, दुसऱ्या टोकानं मी.