वकील व्हायचंय? आधी कोर्टात जाऊन बसा

नमस्कार श्रोतेहो.

बारावीचे निकाल लागले की मला फोन सुरू होतात. कुणी सुदामानगरातून, कुणी रामबागेतून, कुणी राजेंद्रनगरातून. सगळी आपलीच मराठी माणसं. "ताई, आमची धाकटी फार बोलते, कुणाला ऐकत नाही, तिला वकील करावं म्हणतोय." मी इंदूरच्या कोर्टात वकिली करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडेच येणार. मी एवढंच विचारते, "बोलते ते ठीक, पण वाचते का?" पलीकडे जरा शांतता पसरते.

आमचा बराचसा दिवस वाचण्यात आणि गप्प बसून ऐकण्यात जातो. चेक बाउन्सचा खटला घ्या. जिल्हा न्यायालयात अशा खटल्यांचा ढीग असतो. एकानं उसने पैसे दिले, दुसऱ्यानं फेडीचा चेक दिला, बँकेनं 'खात्यात पुरेशी रक्कम नाही' असा शेरा मारून तो परत पाठवला. ऐकायला सरळ गोष्ट. पण पक्षकार समोर बसून तावातावानं आपली कहाणी सांगत असतो, तेव्हा वकील त्याच्या पिशवीतल्या कागदांवरच्या तारखा बघत असतो. बँकेचा शेरा कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस गेली का? पोस्टाची पावती कुठाय? नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस मिळाले का? ते उलटल्यावर महिन्याच्या आत तक्रार दाखल झाली का? तक्रारीला उशीर झाला तर निदान सबळ कारण दाखवून माफी मागता येते. नोटीसच उशिरा गेली असेल, तर त्या चेकवरचा हा खटला तिथंच आटोपतो, मग पक्षकार कितीही खरा असो.

बरं, आरोपी येऊन म्हणतो, "सही माझीच आहे, पण मी कोरा चेक दिला होता, रक्कम यांनी भरली." बऱ्याच लोकांना वाटतं की सुटला आता. तसं नाही. सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये सांगितलं की सही करून आपखुशीनं दिलेल्या चेकवर रक्कम दुसऱ्यानं भरली, तरी तो चेक देणं फेडायलाच दिला होता असं कायदा धरून चालतो. तसं नव्हतं हे दाखवायचं काम सही करणाऱ्याचं. एवढ्या साध्या खटल्यात इतकं वाचायला लागतं.

हे कळायला कॉलेजात जायची वाट बघू नका. कोर्टाचं दार सगळ्यांना उघडं असतं, कायद्यानंच ते उघडं ठेवलंय. बलात्कारासारखे काही खटले बंद दाराआड चालतात, तेवढे सोडा. शाळकरी मुलांनी घरच्या मोठ्या माणसाला बरोबर घ्यावं, मोबाइल बंद करावा आणि मागच्या बाकावर बसावं. पुकारा होतो, पक्षकार धावत येतो, वकील दुसऱ्याच कोर्टात अडकलेला असतो, पुढची तारीख पडते. अर्धा दिवस हेच बघाल आणि कंटाळाल. कंटाळा. पण एखादी उलटतपासणी बघायला मिळाली तर उठू नका. साक्षीदाराचं उत्तर हिंदीत टाइप होत असतं. चांगला वकील प्रत्येक उत्तर कागदावर नेमकं कसं उतरलं ते डोकावून वाचतो, खटकलं तर तिथल्या तिथं न्यायाधीशांना सांगतो, आणि मगच पुढचा प्रश्न टाकतो. सिनेमातला वकील ओरडतो तेव्हा हा वाचत असतो.

मे-जूनमध्ये हायकोर्टाला उन्हाळी सुट्टी असते, म्हणून एम. जी. रोडवरच्या खंडपीठात जायचं तर ते दिवस टाळा. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठांची सुनावणी सप्टेंबर 2022 पासून घरबसल्या थेट बघता येते, पण घटनापीठापासून सुरुवात करू नका. आधी जिल्हा न्यायालय.

आता वाचायचं काय? मी मुलांना इंदूरचाच एक खटला देते, शाहबानो प्रकरण. त्यावरची भाषणं सगळ्यांनी ऐकलीत, निकाल फार थोड्यांनी वाचलाय. एप्रिल 1978 मध्ये शाहबानो यांनी इंदूरच्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे महिना 500 रुपये पोटगी मागितली. नवरा स्वतः वकील. लग्न 1932 सालचं, पाच मुलं. अर्ज चालू असतानाच नोव्हेंबरमध्ये नवऱ्यानं तलाक दिला. ऑगस्ट 1979 मध्ये कोर्टानं पोटगी ठरवली महिना 25 रुपये. हायकोर्टानं 1980 मध्ये ती 179 रुपये 20 पैसे केली. त्याविरुद्ध नवरा सुप्रीम कोर्टात गेला आणि 23 एप्रिल 1985 ला पाच न्यायमूर्तींनी त्याचं अपील फेटाळलं. निकालपत्र लिहिलं सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी, आणि त्या 25 रुपयांना त्यांनी उपरोधानं 'राजेशाही रक्कम' म्हटलंय.

मी सांगते, हा निकाल वाचा आणि एका पानावर उतरवा: कुणी काय मागितलं, कुणी विरोध केला, कोर्टापुढचा नेमका प्रश्न कोणता, उत्तर काय आणि कशाच्या आधारावर. बहुतेक मुलं 'नेमका प्रश्न कोणता' इथं अडखळतात. त्यांना मोठमोठे विषय सुचतात. प्रश्न मात्र एवढाच होता की फौजदारी प्रक्रिया संहितेचं पोटगीचं कलम 125 घटस्फोटित मुस्लिम बाईला लागू होतं का. तो सापडेपर्यंत पान फाडून पुन्हा लिहा. मग पुढचं वाचा. संसदेनं 1986 मध्ये घटस्फोटित मुस्लिम बायकांसाठी वेगळा कायदा केला. 2001 मध्ये सुप्रीम कोर्टानं तो वैध ठरवला, पण घटस्फोटित बाईच्या पुढच्या आयुष्याची तजवीज होईल इतकी वाजवी रक्कम नवऱ्यानं इद्दतच्या, म्हणजे तलाकनंतर बाईनं पुन्हा लग्न न करता थांबायच्या, काळातच द्यायची, असा त्याचा अर्थ लावला. एकाच धाग्याला धरून कायदा, निकाल, पुन्हा कायदा, पुन्हा निकाल. हे एकदा नीट केलं की माझ्या मते पहिल्या वर्षाचा निम्मा अभ्यास घरीच होतो. निकाल सुप्रीम कोर्टाच्या ई-एससीआर या संकेतस्थळावर फुकट मिळतात, बऱ्याच निकालांचे मराठी आणि हिंदी अनुवादही असतात. मूळ कायदे इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर आहेत. गाइड घेऊ नका.

ते कलम 125 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 झालंय. 1 जुलै 2024 पासून तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले, पण त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनी दंड संहिताच लागते. म्हणजे आज शिकणाऱ्या मुलांना खून म्हटलं की 302 ही आठवायचं आणि 103 ही. दोन्ही पाठ करायचं ओझं तुमच्याच पिढीच्या नशिबी आलंय, त्याला इलाज नाही.

प्रवेश परीक्षेबद्दल थोडक्यात सांगते, कारण ती माहिती क्लासवाले तुम्हाला हवी त्यापेक्षा जास्तच देतील. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट. आपल्याला जवळची म्हणजे भोपाळ आणि जबलपूर. अलीकडे ही परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते: 120 प्रश्न, दोन तास, चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. बारावीत खुल्या वर्गाला 45 टक्के लागतात. बहुतेक प्रश्न साडेचारशे शब्दांच्या उताऱ्यांवर असतात, म्हणजे पुन्हा वाचनच. कायद्याच्या विभागातही नियम उताऱ्यात दिलेला असतो, तो लावायचा फक्त. क्लॅट नाही जमली तर आकाश कोसळत नाही. देवी अहिल्या विद्यापीठात पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, आणि पदवीनंतरचं तीन वर्षांचं एलएलबीही आहेच. बी. कॉम. करून, जीएसटी समजून घेऊन मग कायद्याकडे वळणारी मुलं इंदूरसारख्या व्यापारी गावात चांगली चालतात.

भाषेचं मात्र नीट ऐका. आपली मुलं इंग्रजी माध्यमात शिकतात, घरी मराठी, रस्त्यावर इंदुरी हिंदी. क्लॅटचा पेपर इंग्रजीत, हायकोर्टात इंग्रजी, आणि खालच्या कोर्टात, तहसीलदाराकडे सगळं हिंदी. खसरा, बी-1, नामांतरण, रजिस्ट्री हे कागद ज्याला वाचता येत नाहीत त्याच्याकडे जमिनीचं काम येणार नाही, आणि शहराच्या चहूबाजूंनी शेतं विकली जात असताना हे काम गमावणं परवडत नाही. आजोबांच्या ट्रंकेत होळकरशाहीतली मोडीतली सनद असेल तर थोडी मोडीही शिका. ती वाचणारे आता गावात कमीच उरलेत. हिंदी टायपिंग तर शिकाच, मुंशीवर अवलंबून राहू नका.

पदवीनंतर जबलपूरच्या राज्य बार कौन्सिलमध्ये नाव नोंदवायचं. नोंदणी शुल्क 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातींना 125. राज्याराज्यांत यापेक्षा कितीतरी जास्त घेतलं जायचं, ते सुप्रीम कोर्टानं 30 जुलै 2024 ला थांबवलं, हे मुलांच्या पालकांनी लक्षात ठेवावं. मग अखिल भारतीय बार परीक्षा: 100 प्रश्न, खुल्या आणि ओबीसी वर्गाला 45 टक्क्यांना पास, वजा गुण नाहीत, टिपणं नसलेले मूळ कायदे सोबत नेता येतात. आणि ज्यांना थेट न्यायाधीश व्हायचंय त्यांच्यासाठी: मे 2025 च्या निकालानं तीन वर्षं वकिली केल्याशिवाय दिवाणी न्यायाधीशाची परीक्षा देता येत नाही. मला हे बरोबर वाटतं. साक्षीदाराला कधी प्रश्न न विचारलेल्या माणसानं साक्ष तोलू नये.

राहिला पैशाचा प्रश्न, फोनवर जो शेवटी आणि हळू आवाजात विचारतात. ज्युनिअरला महिना किती मिळतात? बार कौन्सिल ऑफ इंडियानं 2024 मध्ये शहरात 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार अशी शिफारस केली. ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि पुष्कळ ठिकाणी ज्युनिअरच्या हातात यापेक्षा फार कमी पडतं. सीनिअर निवडताना चेंबर केवढं आहे ते बघू नका. ज्युनिअरला अर्जाचा मसुदा करू देतात का आणि लाल पेन्सिलीनं तो सुधारून परत देतात का, एवढं विचारा. पहिली तीन-चार वर्षं मुलगी घरूनच जेवेल, पेट्रोलचे पैसेही घरूनच नेईल, असं धरून चला. आणि त्या काळात निदान दिवाळीच्या फराळाला आलेल्या नातेवाइकांना "मग, किती कमावतेस?" असं विचारू देऊ नका.

नमस्कार.