पाणी कुठवर आलं होतं?

सांगलीत घराचा भाव काढायचा तर सुरुवात आयर्विन पुलापासून करावी लागते. इथं कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं, 2021 च्या जुलैत पुन्हा 50 च्या पुढं. म्हणून गावभागातलं, म्हणजे नदीकाठच्या जुन्या सांगलीतलं, घर कितीही पेठेजवळ असो, गिऱ्हाईक आधी विचारतं, "पाणी कुठवर आलं होतं?"

उत्तर मालकाकडून नको, भिंतीकडून घ्या. रंग नवा असला तरी तळमजल्याच्या कोपऱ्यात लोणा दिसतो, बोटानं दाबलं की पापुद्रा सुटतो. जिन्याखालच्या कोनाड्यात डोकवा, तिथं रंगारी सहसा पोचत नाही. ओट्याखालचं प्लायवूड फुगलंय का, चौकटीचा तळ काळा पडलाय का, विजेचा मीटर डोक्याच्या वर का नेलाय, हेही बघा.

मग महापालिकेत पूररेषेचा नकाशा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. निळीच्या आत मोकळ्या जागेवर नवं घर बांधता येत नाही. दोन्हींच्या मधे येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 45 सेंटिमीटर उंच लागतं. जुनं पाडून नवं बांधायच्या बेतानं घेणाऱ्यांनी हे आधी महापालिकेत विचारून घ्यावं.

शामरावनगरसारख्या सखल भागात त्रास साचलेल्या पावसाचा, आणि काळ्या मातीचा. ही माती ओली झाली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. गिलाव्यावरची केसासारखी जाळी सोडून द्या. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली चीर मात्र पाया हलल्याची असू शकते. ती इंजिनिअरला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका.

गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय जमिनीचे तुकडे पाडून विकलेला प्लॉट स्वस्त वाटतो. गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. पण नियमितीकरणाचा दाखला नसेल तर बँक कर्जाला हात आखडते, रोखीचं गिऱ्हाईक तेवढं उरतं आणि तेच भाव पाडून मागतं. विकणाऱ्यानं आधी दाखला काढावा, मग आकडा बोलावा. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) अजून आजोबांचंच नाव असेल तर वारसनोंद करून घ्यावी. बहीण हक्क सोडणार असेल तर हक्कसोडपत्र नोंदवलेलं हवं. तोंडी "तिची काही हरकत नाही" यावर खरेदीखत होत नाही.

जाहिरातीतला दर म्हणजे मालकाची अपेक्षा. झालेले व्यवहार नोंदणी विभागाच्या ई-सर्च या संकेतस्थळावर, सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यात सापडतात. त्याच गल्लीतले चार-पाच तरी काढा, कारण एखाद्या कागदावर खरी रक्कम नसतेही. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरचं, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या दरानं निघणारं मूल्य यांत जे जास्त त्यावर बसतं. नोंदणी फी 1 टक्का, जास्तीत जास्त 30 हजार. घर बाईच्या नावावर घेतलं तर शुल्कात 1 टक्का सूट.

आणि घर बघायला मे महिन्यात जाऊ नका. तेव्हा सगळीच सांगली कोरडी असते.