ठरावाआधीची बैठक : मेंढा-लेखा

भिंतीवरची ही घोषणा तुम्ही ऐकली असेल. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' गाव मेंढा, ओळख मेंढा-लेखा. तालुका धानोरा, जिल्हा गडचिरोली. वस्ती गोंड आदिवासींची.

आता ही बैठक बघा. हा गावाचा अभ्यासगट. इथे ठराव होत नाही, हात वर करून मोजणी होत नाही. बांबू कुणाचा, कायदा काय म्हणतो, पोळं न मोडता मध कसा काढायचा, असा एखादा विषय घ्यायचा आणि सगळ्यांना उमगेपर्यंत बोलायचं. बाहेरचा जाणकार येतो, कधी अधिकारीही येतो. माहिती द्यायची, प्रश्न ऐकायचे, एवढंच त्याचं काम. ही आजी गोंडीत बोलतेय. तिचं संपेपर्यंत कुणी मध्ये तोंड घालत नाही.

निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीनं. एकाचा विरोध असला तरी विषय पुढच्या सभेवर जातो. वेळ लागतो, आणि तो लागायलाच हवा. मसुदा आधी शिजवून मग लोकांकडून हरकती मागवायच्या, याला लोकसहभाग म्हणणं आम्हाला पटत नाही.

ही रीत रुजली ऐंशीच्या दशकात. मोठ्या धरणांविरुद्धच्या आंदोलनानं हा टापू जागा झाला होता. त्याच सुमारास सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल इथे आले आणि गावच्या देवाजी तोफांशी त्यांची गाठ पडली. बायकांनी लावून धरलेली दारूबंदीही याच चर्चांतून आली.

2006 चा वनहक्क कायदा गावानं असाच बसून समजून घेतला. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू बाहेर न्यायला वाहतूक परवाना मिळेना. वनखात्याच्या लेखी बांबू म्हणजे झाड. नव्या कायद्यात तो गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून जंगलात मिळणारी वस्तू, म्हणून हक्क गावाचा. गाव त्या व्याख्येवर अडून बसलं. अखेर एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांच्या उपस्थितीत परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

हे भारे त्याच जंगलातले. तोडही गावाची, विक्रीही गावाची. आता जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा बांबू आणि तेंदूपानाचा व्यवहार स्वतः बघतात.