पोक आलेल्या पाठीची उंची

उंची मोजायची म्हणजे टाचा, पाठ आणि डोकं भिंतीला टेकवून ताठ उभं राहायचं. सत्तरी-ऐंशीतल्या कितीतरी माणसांना हे जमतच नाही. कुणाच्या पाठीला पोक आलेलं असतं, तर कुणी पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेलं. वयानुसार मणक्यांमधल्या चकत्या चपट्या होतात, ठिसूळ झालेले मणके आतल्या आत दबतात आणि माणूस खरोखरच बुटका होत जातो. हातापायांची लांब हाडं मात्र जवळजवळ तेवढीच राहतात. म्हणून उंचीचा अंदाज घ्यायला पाठ सोडून त्यांच्याकडे वळायचं.

गुडघ्याची उंची कशी घेतात, ते पाहा. आजी उताण्या झोपल्या आहेत. "आजी, डावा पाय जरा असाच दुमडून धरा हं," म्हणत सिस्टर गुडघा काटकोनात आणतात, घोटाही काटकोनात. मोठ्या सरकपट्टीचं एक पातं टाचेखाली जातं, दुसरं गुडघ्याच्या वाटीच्या थोडं मागे, मांडीवर टेकतं. पट्टी नडगीला समांतर हवी. हलकेच दाबायचं, आकडा वाचायचा, आणि पुन्हा एकदा मोजून खात्री करायची. समजा, भरले 46 सेंटीमीटर.

आता हिशेब. अमेरिकेत चमली या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये गुडघ्यावरून वृद्धांची पूर्ण उंची काढायची सूत्रं दिली. स्त्रियांसाठी गुडघ्याच्या उंचीला 1.83 ने गुणायचं, त्यात 84.88 मिळवायचे आणि वयाची 0.24 पट वजा करायची. आजींचं वय 78 धरलं, तर उत्तर येतं सुमारे 150 सेंटीमीटर. पुरुषांसाठी हेच आकडे 2.02, 64.19 आणि 0.04.

याच आजींना कसंबसं उभं करून मोजलं आणि 143 भरले, तर? सात सेंटीमीटरनी काय बिघडतं, असं वाटेल. वजन 41 किलो आहे. 143 धरून बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून मिळणारा आकडा, येतो 20, म्हणजे सगळं ठीक. 150 धरला की तोच 18.2. साडेअठराच्या खाली गेला, म्हणजे वजन कमी आहे. पोकामुळे आजींची उपासमार कागदावर दिसलीच नसती. आधीच कमी जेवणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही चूक मला फार गंभीर वाटते.

पाय आखडला असेल, तर हात आहेच. ब्रिटनमध्ये कुपोषण तपासताना कोपराच्या टोकापासून मनगटाच्या हाडापर्यंतचं अंतर घेतात आणि तयार तक्त्यात उंची पाहतात. त्यासाठी साधी टेप पुरते, बाहीसुद्धा फार वर करावी लागत नाही. दुसरी रीत म्हणजे हात आडवा पसरून गळ्याखालच्या खळगीपासून मधलं बोट आणि अनामिका यांच्या बेचक्यापर्यंत मोजायचं. दोर मोजताना आपल्याकडे दोन्ही हात पसरून वाव धरतात, त्याचा हा साधारण निम्मा भाग. खांदा धरला असेल, तर मात्र हे जमत नाही.

एक सावधगिरी हवीच. ही सूत्रं ज्या लोकांना मोजून बांधली, त्यांच्या हातापायांची आणि धडाची प्रमाणं आपल्यासारखीच असतील असं नाही. उत्तर काही सेंटीमीटर इकडेतिकडे होऊ शकतं. त्यामुळे भारतीय वृद्धांना मोजून काढलेलं सूत्र हाती असेल, तर आधी तेच वापरावं. केसपेपरवर उंचीच्या आकड्यापुढे 'गुडघ्यावरून' किंवा 'हातावरून' असंही लिहावं, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्या सिस्टर आल्या तरी त्याच रीतीने मोजतील.