एंडोमेट्रिओसिस: पेशीमृत्यूच्या खुणा वाचताना

सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर हिरव्या चमकताहेत त्या ग्रॅन्युलोसा पेशी. बीजपुटकात स्त्रीबीजाला वेढून असतात, त्याला पोसतात. आयव्हीएफसाठी बीज काढताना सोबत जो द्रव येतो, त्यात त्या सापडतात. बीज वेगळं केलं की हा द्रव बहुधा टाकूनच देतात. एंडोमेट्रिओसिस आणि वंध्यत्व यांचा धागा शोधणाऱ्यांना मात्र तोच हवा असतो.

या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर रुजते. पाळीचं रक्त बीजवाहिन्यांतून उलटं पोटात उतरतं आणि त्यातल्या पेशी तिथे जगतात, असं जॉन सॅम्पसन यांनी १९२७ मध्ये मांडलं. पण असं उलटं रक्त बहुतेक स्त्रियांच्या पोटात जातं. मग आजार काहींनाच का? एक उत्तर पेशीमृत्यूत आहे. अस्तराच्या पेशींनी ठरल्या वेळी ॲपॉप्टोसिसने, म्हणजे शिस्तीत, मरायचं असतं. एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रियांच्या अस्तरात मृत्यू रोखणारं बीसीएल-२ हे प्रथिन वाढलेलं आणि तो घडवणारं बॅक्स घटलेलं अनेक अभ्यासांत दिसलं. अंडाशयात नेमकं उलट: ग्रॅन्युलोसा पेशी जास्त मरतात आणि बीजाचा दर्जा घसरू शकतो.

म्हणूनच ‘ॲपॉप्टोसिस वाढला’ एवढंच सांगणारा अहवाल अपुरा. कुठल्या पेशीत, चक्राच्या कुठल्या दिवशी? निरोगी अस्तरातही बीसीएल-२ चक्राच्या पहिल्या टप्प्यात वाढतं आणि नंतर ओसरतं. दहाव्या दिवसाच्या नमुन्याची तुलना चोविसाव्या दिवसाच्या नमुन्याशी केली, तर दिसतो तो फरक आजाराचा की तारखेचा, हे कळायला मार्ग नाही.

आता प्रयोगशाळेत. द्रव साधारण ३०० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट जोराने दहा मिनिटं फिरवायचा, घनता-द्रावणावर तांबड्या पेशी वेगळ्या करायच्या. तरीही पांढऱ्या पेशी उरतात. त्या त्यांच्या पृष्ठभागावरच्या सीडी४५ या खुणेने (मार्करने) ओळखून वगळाव्या लागतात, नाहीतर मोजणी भलत्याच पेशींची होते. मग ॲनेक्सिन-व्ही, चमकता रंग जोडलेलं एक प्रथिन. मरू लागलेल्या पेशीच्या पटलाची आतली फॉस्फॅटिडिलसेरिन (एक मेदद्रव्य) बाहेर येते आणि ॲनेक्सिन तिला चिकटतं, पण कॅल्शियम असेल तरच. नळीत कॅल्शियम पकडून ठेवणारं ईडीटीए राहिलं की खूण पुसलीच म्हणा. सोबत फाटलेल्या पटलातूनच आत शिरणारा प्रोपिडियम आयोडाइड हा रंग घालून पंधरा मिनिटं अंधारात ठेवायचं आणि तासाभरात मोजायचं. फक्त ॲनेक्सिन उमटलं तर मृत्यूची सुरुवात. दोन्ही उमटले तर पटल फाटलंय, आणि अशी पेशी कुठल्या वाटेने मेली हे ही चाचणी सांगत नाही.

टनेल चाचणी डीएनएचे तुकडे दाखवते. ती लोकप्रिय आहे आणि फसवीही. नमुना फॉर्मेलिनमध्ये टाकायला उशीर झाला, प्रथिनं पचवणारं प्रोटिनेज-के हे एंझाइम जास्त वेळ राहिलं, की चांगल्या पेशीही चमकू लागतात. चाचणीचं एंझाइम वगळलेली एक काच (ती चमकायला नको) आणि डीएनए तोडणारं डीएनेज घातलेली एक (ती चमकायलाच हवी), अशा दोन काचा सोबत नसतील तर त्या निकालावर आम्ही विसंबणार नाही. तुटलेल्या, म्हणजे सक्रिय झालेल्या कॅस्पेज-३ चं (ॲपॉप्टोसिस घडवून आणणाऱ्या एंझाइमचं) रंजन जोडीला हवंच. अखंड कॅस्पेज जिवंत पेशीतही असतं.

आणखी एक वाट २०१२ मध्ये नावारूपाला आली: फेरॉप्टोसिस. अंडाशयातल्या चॉकलेट सिस्टमध्ये जुनं रक्त, म्हणजे लोह साठतं. लोहामुळे पटलातली मेदाम्लं ऑक्सिडीकृत होतात, त्यापासून वाचवणाऱ्या जीपीएक्स-४ या एंझाइमचं संरक्षण कमी पडतं आणि पेशी कॅस्पेजविना मरते. पडताळा सोपा आहे: कॅस्पेज अडवूनही पेशी मरतात, पण फेरॉप्टोसिस अडवणारं फेरोस्टॅटिन-१ घातल्यावर वाचतात, तर संशय फेरॉप्टोसिसवर.

यातलं निदानासाठी काय वापरायचं? आज तरी काहीच नाही. युरोपीय प्रजननतज्ज्ञांच्या एश्रे संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेनुसार रक्त, अस्तर किंवा पाळीच्या स्रावातल्या मार्करवरून एंडोमेट्रिओसिसचं निदान करू नये. बरेचदा सांगितली जाणारी सीए-१२५ या रक्तातल्या प्रथिनाची तपासणीही त्यातच आली: हे प्रथिन फायब्रॉइडमध्ये (गर्भाशयातल्या गाठींमध्ये), गरोदरपणात, अगदी पाळीच्या दिवसांतही वाढतं, आणि आकडा नॉर्मल आला म्हणून आजार नाही असं ठरत नाही.