कोणता स्वर कुठल्या मात्रेवर: जॅझमधल्या उपजेचा रियाज

श्रोतेहो, नमस्कार.

जॅझ ऐकताना वाटतं, वादक मनाला येईल ते वाजवतोय. मनाला येईल ते वाजवतो हे खरंच. पण मनात काय यायचं ते रियाजानं ठरतं. आज त्या रियाजाविषयी बोलू. बोटांच्या वेगाचा विषय मी मुद्दाम बाजूला ठेवतो. शिकणाऱ्यानं आधी एकच गोष्ट पक्की करावी, असं माझं ठाम मत आहे: कोणता स्वर कुठल्या मात्रेवर पडतोय.

वाद्य कोणतंही घ्या, पांढरी एकचा सा धरा. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट. जॅझमध्ये तीन कॉर्ड्सची एक साखळी पावलोपावली भेटते. आधी रिषभावरची कॉर्ड: रे, म, ध, सा. मग पंचमावरची: प, नी, रे, म. आणि शेवटी षड्जावरची: सा, ग, प, नी. आता एवढंच करा. रिषभाच्या कॉर्डवर सा लावा. पंचमाची कॉर्ड आली की तो सा अर्ध्या स्वरानं खाली, नीवर येतो. तसाच म. पहिल्या दोन्ही कॉर्ड्समध्ये तो आहे. षड्जाची कॉर्ड आली की तो गवर उतरतो. या स्वरांना जॅझवाले गाईड टोन म्हणतात. एका आवर्तनाला एकच स्वर, तोही लांब, असं वाजवत राहा. साथ बंद केली तरी कॉर्ड बदललेली कानाला कळते. मला विचाराल तर हा सगळ्यात मोलाचा रियाज आहे, आणि तोच सगळ्यात जास्त टाळला जातो, कारण तो फार साधा वाटतो.

गाईड टोन हाताशी आले, की त्यांच्यापर्यंत पोचायच्या वाटा शोधायच्या. समेवर शुद्ध ग हवा आहे ना? मग आधीच्या आवर्तनाच्या शेवटच्या मात्रेत दोन स्वर घ्या, म आणि कोमल ग, आणि समेवर शुद्ध ग. वरून एक, खालून एक, मधे आपला स्वर. कोमल ग त्या कॉर्डमध्ये नाही, तरी तो खटकत नाही, कारण तो लगेच सुटतो. हीच जोडी अर्ध्या मात्रेनं पुढे सरकवून बघा. कोमल ग समेवर आला की तोच स्वर बोचतो.

आता जरा बारकाईनं ऐका. पंचमाची कॉर्ड आहे, आवर्तन चार मात्रांचं, मात्रेला दोन स्वर. वरच्या पपासून सरळ खाली या: प म, ग रे, सा नी, ध प. मात्रांवर काय पडलं? प, ग, सा, ध. यातला कॉर्डचा स्वर फक्त प. आता प आणि म यांच्या मधे तीव्र म घाला: प तीव्र म, शुद्ध म ग, रे सा, नी ध, आणि पुढच्या समेवर प. मात्रांवर आले प, म, रे, नी. कॉर्डचे चारही स्वर! एका स्वराच्या भरीनं सगळी ओळ जागेवर बसली. या सप्तकाला बीबॉप स्केल म्हणतात. 1940 च्या दशकातल्या बीबॉप या वेगवान जॅझ शैलीच्या वादकांच्या धावत्या ओळी इतक्या स्वच्छ ऐकू येतात, त्याचं एक कारण हे आहे.

पण नुसत्या अशा ओळींनी सोलो, म्हणजे एकट्या वादकाची उपज, होत नाही. सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स यांचं 1956 मधलं ‘ब्लू सेव्हन’ ऐका. मोजक्या स्वरांचा एक तुकडा घेऊन ते तो उलटतात, ताणतात, तोडतात, मधेच थांबतात, पुन्हा उचलतात. संगीतकार आणि समीक्षक गुंथर शुलर यांनी 1958 मध्ये या सोलोवर सविस्तर लेख लिहिला होता. तुम्हीही तीन स्वर निवडा. पूर्ण सोलोभर स्वर तेच, बदलायची ती फक्त लय, जागा आणि विश्रांती. सुरुवातीला फार अवघड जातं, पण कल्पकतेला खरं काम इथेच मिळतं. हेच रोलिन्स नाव झालेलं असताना 1959 मध्ये जाहीर कार्यक्रमांतून बाजूला झाले आणि न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन 1961 पर्यंत तासन्‌तास रियाज करत राहिले.

मेट्रोनोमचं, म्हणजे लय दाखवणाऱ्या टिकटिक यंत्राचं, थोडक्यात सांगतो. वेग निम्मा ठेवा आणि टिकटिक दुसऱ्या नि चौथ्या मात्रेवर आहे असं धरा. सम तुम्हालाच सांभाळावी लागते.

आणि कान. बीबॉपचे सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांनी 1937 च्या उन्हाळ्यात आधीच्या पिढीतले सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांच्या रेकॉर्डमधले सोलो ऐकून ऐकून बसवले होते. तुम्ही एखाद्या सोलोतल्या चारच ओळी घ्या. आधी गा, श्वास वादकाबरोबर पडेपर्यंत गा. मग वाद्य उचला. ओळ बसली की कुठला स्वर कुठल्या मात्रेवर आहे ते तपासा, आणि तीच ओळ काळी एकपासून, पांढरी दोनपासून, अशी बाराही पट्ट्यांतून फिरवा. दिवसाला एक पट्टी पुरे.

नमस्कार.